साडूची होडी

"इथं वाजवा, मग तिथं. कुठं थर सुटला असेल तर तुमच्याच कानाला कळायचं," साडू म्हणाला आणि अंगणात ठोकळ्यांवर पालथी घातलेली फायबरची होडी त्याने स्वतःच्या बाहीने पुसली.

कानसेनने हातोडी घेतली. हे नाव त्याला रेल्वे यार्डाने दिलेलं. चौतीस वर्षं त्याने गाड्यांची चाकं ठोकून पाहिली. तडा गेलेलं चाक बसकं वाजतं. त्याने पास केलेलं चाक कधी तुटलं नव्हतं.

साडूने आयुष्यभर विम्याचे कागद इकडून तिकडे केले होते. निवृत्त झाल्यावर ही पन्नास वर्षांची होडी भंगारातून उचलली, दोन वर्षं घासली, रेझिनचे थर चढवले. आता नातेवाईक तिला नवी सून बघावी तसे बघायला येत.

"भावोजींनी बघा कसं सोनं केलंय," कानसेनची बायको म्हणाली. "आमच्याकडे खिडकीची कडी तीन वर्षं लोंबतेय."

"अगं, यांचं काम ठोकून बघायचं. दुरुस्त करणारे वेगळे," तिच्या ताईने समजूत घातली.

कानसेन टोकापासून ठोकत निघाला. टण. टण. टण. एक तरी आवाज बसका यावा म्हणून त्याने मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले. होडी शेवटपर्यंत खणखणीत वाजली. उद्धटपणाच तो.

"इथं पोकळ आहे," तो म्हणाला.

साडूचा चेहरा उतरला. पण त्याने वाद घातला नाही, स्वतः ठोकूनही पाहिलं नाही. "तुम्ही म्हणता म्हणजे आहेच," एवढं बोलून त्याने ग्राइंडर सुरू केला आणि पातं त्या चकचकीत अंगावर टेकवायला वाकला.

"थांबा."

ग्राइंडर थांबला. सगळे कानसेनकडे बघू लागले. खोटं बोललो, हे काही तोंडातून निघेना.

"चुकीचं ऐकलं मी. होडी चांगली आहे. हल्ली कमी ऐकू येतं."

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"झालं वर्षभर."

साडूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वयानं होतं हो. मी दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेईन. राग मानू नका."

घरी जाताना बायको त्याचा दंड धरून चालत होती. "दमलात का? रिक्षा करायची?" तिने मोठ्यांदा विचारलं. रस्त्यापलीकडच्या दोघांनी वळून पाहिलं.

कानसेन थांबला, तिच्याकडे कान नेला आणि म्हणाला, "काय म्हणालीस?"