दहा नंबरचा कुंदन

सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कपडाछपाईच्या कारखान्यात, १९९८ च्या मार्चात, चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं ठरलं, आणि ते काम ज्या कुंदनकडे आलं त्याच्यापाशी स्वतःचा म्हणावा असा एकही कागद नव्हता. कागद होते, पण ते मेलेल्या भावाचे.

शालिग्राम आणि धुरपदाबाईला पारोळ्याकडच्या खेड्यात चौऱ्याहत्तर साली पहिला मुलगा झाला, त्याचं नाव कुंदन. दोन वर्षांचा असताना तो तापानं गेला. सत्त्याहत्तरला दुसरा झाला, त्यालाही कुंदनच म्हटलं. पुढे सचिनजवळच्या उधन्यात राहायला येऊन त्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा बापानं पहिल्याचाच जन्मदाखला पुढे केला, कारण दुसऱ्याचा काढायला गावी दोन खेपा पडल्या असत्या. पहिल्याच्या मरणाची नोंद तर कुणी केलीच नव्हती. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी मामाच्या तोंडून हे सगळं बाहेर पडलं, तेव्हा कुंदननं दाखला बापाच्या पुढ्यात फेकला आणि कॉलेज सोडलं. वडीलधाऱ्यांचा आळस पोरांना जन्मभर पुरतो, असं तो भेटेल त्याला ऐकवी.

आता कारखान्याचा शेठ त्याला कायम करणार होता, आणि ऑफिसातल्या वत्सलाबाईंच्या टेबलावर त्याचा अर्ज जन्मतारखेच्या रकान्यापाशी अडला होता, कारण दाखल्यावरची तारीख त्याला नको होती.

"शनिवारपर्यंत बापाचं प्रतिज्ञापत्र आण," बाई म्हणाल्या, "नाहीतर दाखल्यावरची तारीख टाकते. तुझं वय मला काही तोंड बघून लिहिता येत नाही."

"तुमचं लिहिताना काय बघता?"

"जीभ आवर. कागद आण."

शेठला मशीनचे नंबर लक्षात राहत नसत. जो जिथं बसतो त्याच्या नावानं मशीन सापडलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. म्हणून नेम सर्व्हर बसवायचा होता, नाव विचारलं की नंबर सांगणारा. शिकवायला कुणी नव्हतं. मासिकाबरोबर आलेली एक सीडी आणि झेरॉक्स केलेली चाळीस इंग्रजी पानं एवढ्यावर कुंदननं दोन दिवस डोकं आपटलं. नावाच्या शेवटी एक टिंब द्यायचं राहिलं होतं, तेवढ्यावरून यंत्र मुकं बसलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं 'वत्सला' विचारलं आणि उत्तर आलं, बारा. शेठ अकरा, गोदाम तेरा, तो स्वतः चौदा, आणि सर्व्हरही त्याच्याच मशीनवर. एका ओळीत एक नाव, त्यापुढे एक नंबर, आणि आपण लिहू तेच खरं. इतकी सरळ गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच हातात आल्यासारखं त्याला वाटलं.

गुरुवारी दुपारी, जेवणाचा डबा उघडायच्या आधी, त्यानं सहज 'कुंदन' विचारलं. उत्तरं दोन आली. आधी दहा, मग चौदा.

दहा नंबर त्यानं कुणालाच दिला नव्हता. फाईल उघडून पाहिली तर तिच्यात कुंदनची ओळ एकच, चौदाची. सर्व्हर बंद करून चालू केला. दहा, मग चौदा. पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता, आणि मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या हबच्या डब्यातून निघणाऱ्या वायरी त्यानं बोटानं दोनदा मोजल्या. जेवढ्या हव्या तेवढ्याच होत्या.

घरी त्यानं प्रतिज्ञापत्राचा स्टँपपेपर बापासमोर ठेवला. चिडला की तो घरातली बोली सोडून मुद्दाम पुस्तकी मराठी बोले.

"यावर सही करा. पहिला मुलगा वारला, एवढंच लिहिलंय."

शालिग्रामनं कागदाला हात लावला नाही. "तो मरना अशी सही मी करावू नही."

"बावीस वर्षं झाली त्याला. तुमच्या एका सहीसाठी मी जन्मभर दुसऱ्याच्या वयानं जगायचं?"

भाकरी थापता थापता धुरपदाबाई म्हणाली, "इतला चिडू नको रे. त्यानंच नाव शे ते. तुले वापराले देयेल शे." तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं, शेजारणीकडून आणलेल्या पातेल्याबद्दल बोलावं तसं ती बोलली.

शनिवारी कुंदन बिनसहीचा स्टँपपेपर घेऊन ऑफिसात आला आणि कुणाशी न बोलता सर्व्हरपाशी बसला. चुकीची ओळ सापडत नसेल तर बरोबरही ठेवायची नाही, असं मनाशी ठरवून त्यानं फाईलमधली स्वतःची ओळ पुसली, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि विचारलं. आता त्या फाईलमध्ये कुंदन हे नाव कुठेही नव्हतं.

दहा, असं उत्तर आलं. एकच, आणि लगेच.

मग त्यानं उलटा प्रश्न टाकला, चौदावर कोण आहे. असं कुणी नाही, असं यंत्रानं सांगितलं. ज्या मशीनवरून तो विचारत होता त्याचाच नंबर चौदा होता. बाहेर छपाईची यंत्रं चालली होती, रंगाचा उग्र वास नेहमीसारखाच खिडकीतून आत येत होता, आणि वत्सलाबाई त्याच्याकडे पाठ करून अर्जांची चळत उपसत होत्या.

"कुंदन," मान वर न करता त्यांनी विचारलं, "जन्मतारीख काय टाकू मग?"

त्याच्या ओठांशी उत्तर आलं होतं. सत्त्याहत्तर. पण का कोण जाणे, त्यानं ते तिथंच धरलं, दात घट्ट मिटले आणि श्वाससुद्धा थांबवला.

कुणी सांगत असल्यासारखा वत्सलाबाईंनी क्षणभर कान दिला, मग मान डोलावली.

"हां, चौऱ्याहत्तर. हे आधीच नीट सांगितलं असतंस तर आठवडा गेला नसता," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं पेन रकान्यात उतरून सावकाश चालू लागलं.