माणिकप्पांच्या पोटरीतला स्टेंट

मित्रांनो, मला पाहायचं म्हणाल तर ते जमायचं नाही. मी एक जुना स्टेंट आहे आणि चिटगुप्पा गावच्या माणिकप्पांच्या उजव्या पोटरीत, गुडघ्याखालच्या रक्तवाहिनीत राहतो. तारेची इवलीशी जाळी आणि तिच्यावर पातळ पडदा, एवढाच माझा देह. मला घडवलं होतं हृदयासाठी. बरोबरचे सगळे काळजात जाऊन बसले आणि मी आलो पायात! सुरुवातीला याचा मला फार राग यायचा.

झालं असं. माणिकप्पांचा आल्याचा व्यापार. पोती उतरवताना ट्रॉलीचा पत्रा त्यांच्या पोटरीत घुसला. जखम वरून भरली, पण आत रक्तवाहिनी फाटलेलीच राहिली आणि तिथे गाठ आली. घरच्यांना वाटलं, गळूच. आपल्याकडे गळवावर कांदा-हळदीचं गरम पोटीस बांधतात आणि पिकलं की चिरा देतात. चिरा कधी द्यायचा तेही ठरलं होतं. पण पोटीस बांधताना त्यांची बायको नागव्वा दचकली.

"आवो, हे गळू उडायलंय की! नाडीगत उडायलंय. ह्याला सुरी लावायची न्हाई."

तिच्या हट्टापायी माणिकप्पा कलबुर्गीच्या दवाखान्यात पोचले. गाठ चिरली असती तर रक्त थांबता थांबलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाय कापून उघडला नाही. जांघेत सुई टोचली, तिथून बारीक तार खाली सरकवली आणि तिच्यावरून मला, एका मिटलेल्या फुग्यावर बसवून, फाटलेल्या जागी आणलं. फुगा फुगला, मी उघडलो, भोक बुजलं. मग फुगा मिटून निघून गेला. तारही गेली. त्या अंधारात मी एकटा राहिलो.

पाहुणेरावळे चालत्या पायाचं कौतुक करत. माझं नाव कुणी काढत नसे. नागव्वा मात्र मला विसरली नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळी घ्यायची होती. माणिकप्पा सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपून उठले की ती त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायची. "ही जाळीची गोळी," म्हणायची. ऐकून मला बरं वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात नागव्वा गेली. पूजा चालू राहिली, गोळी बंद पडली. माणिकप्पांना आठवण नव्हती असं नाही. भिंतीतल्या देवळीतलं गोळ्यांचं पाकीट रोज समोर दिसायचं. पण आपल्याच हातानं ते उचलायचं म्हटलं की ते तसेच बाजाराला निघायचे. संध्याकाळी नौबादला सासरी असलेल्या लेकीचा, शैलश्रीचा फोन यायचा.

"अप्पा, गोळी घेतली का?"

"व्हय, घेतलो की."

"पाय दुखायलाय का?"

"न्हाई गं, बरं हाय."

साफ खोटं! माझ्यात रक्त साकळू लागलं होतं, वाट अरुंद होत चालली होती. त्या घरात हे फक्त मला ठाऊक होतं आणि मला तोंड नाही. पोटरीत कळ उठवणं तेवढं मला येतं. मी ती उठवली. माणिकप्पा बाजारात चालता चालता थांबत, पोटरी चोळत आणि पुन्हा निघत. पाऊल गार पडलं तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आता हा पाय जातो की काय, या धास्तीनं मी अर्धा झालो.

नागपंचमीला शैलश्री माहेरी आली आणि आल्या आल्या वडिलांच्या पाया पडली. तिच्या एका हाताला पाऊल ऊन लागलं, दुसऱ्या हाताला थंडगार. ती तशीच खाली बसून राहिली. त्याच दुपारी तिनं त्यांना कलबुर्गीला नेलं. पुन्हा तार आली, फुगा आला, माझ्यातली वाट मोकळी झाली. पाय थोडक्यात वाचला.

घरी आल्यावर तिनं तो पाय मांडीवर घेतला.

"अप्पा, दुखत होतं तर आधी कामून सांगितलं न्हाई?"

माणिकप्पा देवळीकडे बघत म्हणाले,

"सांगितलो असतो तर तू धावत आली असतीस. आली की तुला जावं लागतंयच. तू गेलीस की ह्या घरात मला पुन्हा पहिल्यापासून एकटं व्हावं लागतंय गं."

शैलश्रीनं पोटरीवर हात ठेवला. त्याची ऊब माझ्यापर्यंत पोचली.

मित्रांनो, आम्हा स्टेंटांना गोळी लागते. ती चुकवू देऊ नका. आणि एकटं राहणारं तुमचं माणूस फोनवर "बरं हाय" म्हणालं, तर लगेच फोन ठेवू नका. ते पुढचं काही बोलेपर्यंत थांबा.