उन्हावरची चक्की

विजेचे बिल परवडेना, म्हणून आसेगावच्या धम्मरत्नने वीज तोडून टाकली आणि पिठाची चक्की सोलरवर घेतली. हिशेब त्याने सगळा केला होता, फक्त बायांना विचारले नव्हते. ऊन असते दिवसा, आणि दळण आणणाऱ्या बाया दिवसा असतात वावरात. त्या घरी येतात दिवेलागणीला. तोवर ह्याची चक्की थंड, आणि गिऱ्हाईक पलीकडच्या विजेच्या चक्कीवर. फुकटच्या उन्हाने चांगलीच फजिती केली! असेच चालले असते तर चक्की विकून पुण्याला कुठल्याशा कंपनीत राबायची पाळी होती.

"सकाळी डबे ठेवून जा म्हना बायायले," बायको पौर्णिमा म्हणाली.

सांगणे सोपे. पण इथे दळण डोळ्यांदेखत दळून घ्यायची रीत. डबा सोडून गेले की आपली चांगली ज्वारी जाते आणि दुसऱ्याचे किडके पीठ घरी येते, अशी बाया-बायांची खात्री.

एके दिवशी पलीकडची चक्की बिघडली, तेव्हा कुठे रंगूबाईने नाइलाजाने डबा ठेवला. ही बाई एकदा बोलली की गावात दवंडीची गरज नाही.

नेमके दुपारी आभाळ भरून आले. दळण अर्ध्यावर असताना चक्की थांबली, ती थांबलीच.

"आपल्या घरचं पीठ टाका ना त्यात. ज्वारी तं सारखीच हाय," पौर्णिमा म्हणाली.

धम्मरत्नचा हात घरच्या पिठाकडे गेलाही. ते पीठ चांगले होते, पण रंगूबाईच्या ज्वारीचे नव्हते. त्याने हात मागे घेतला. संध्याकाळी तिच्यापुढे अर्धे पीठ आणि अर्धी ज्वारी ठेवताना त्याला खरोखर भीती वाटली.

"हे काय करून ठेवलं रे? पोरायले दाने चारू काय?" रंगूबाईने साऱ्या गल्लीसमोर त्याची बिनपाण्याने हजामत केली. धम्मरत्नला वाटले, संपला आपला धंदा. त्या रात्री त्याला भाकर गोड लागली नाही.

सकाळी ऊन पडले आणि रंगूबाई उरलेली ज्वारी घेऊन दारात. मागे आणखी बाया, डोक्यावर डबे.

"बसा मावशी, लगेच दळून देतो," धम्मरत्नने स्टूल पुढे सरकवले.

"कायले बसू? वावरात कोन जाईन?" ती म्हणाली आणि बायांकडे वळली. "ठेवा वं डबे. ज्याले पीठ बदलाचं असतं, त्यानं काल मायं अर्धं वापस देलं नसतं."