पिवळं पाणी

वन्सं राहायला आल्या आणि आमच्या घरात किळस शिरली. त्याआधी घरात फक्त ह्यांचं डायलिसिस होतं.

ते आम्ही घरीच करतो. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो. नळीतून साखरेचं पाणी पोटात सोडायचं. ती साखर पडद्यापलीकडच्या रक्तातलं जास्तीचं पाणी खेचते, रक्तातली घाणही पडद्यातून झिरपून अलीकडे येते, आणि रक्त पलीकडेच राहतं. काही तासांनी ते पाणी पिशवीत काढायचं. पिवळसर, स्वच्छ, वास म्हणून नाही. हा पडदा धड आहे तोवर ह्यांना हॉस्पिटलच्या मशीनला बांधून घ्यावं लागणार नाही, एवढीच आमची चैन.

वन्सं नाकाला रुमाल लावून दारातच उभ्या.

"शी! झोपायच्या खोलीत काय टांगलंय हे? बाथरूममध्ये करा की."

"तिथे जंतू असतात, वन्सं."

"आणि हे काय, अत्तर आहे?"

ह्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. सख्ख्या भावाकडे अशी बघते बाई, जसं काही ताटात झुरळ निघालंय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंडाला मास्क होता, हात धुतलेले होते, म्हणून भांडण बाजूला ठेवून नळी हातात घेतली.

नळी जोडताना खिडकी बंद, पंखा बंद, हा नियम. हवेतला जंतू नळीत शिरला की थेट पोटात. मी टोपण काढलं आणि नेमकी तेव्हाच बाईसाहेबांनी नसलेला वास घालवायला खिडकी सताड उघडली, वर पंखा लावला. पात्यांवरची धूळ भसकन खाली आली. मी किंचाळले.

"एवढं काय आभाळ कोसळलं?" म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या नर्सताईंना विचारून औषध दिलं. तरी पुढे ह्यांचं पोट दुखायला लागलं. पाणी काढून मी पिशवीमागे वर्तमानपत्र धरलं. चांगल्या पाण्यातून बारीक अक्षरंही वाचता येतात. आज मथळासुद्धा दिसेना. पडद्याला जंतू लागले होते.

वन्सं डोकावल्या. रुमाल न लावता आत आल्या, पिशवीजवळ वाकल्या आणि पहिल्यांदाच भावाच्या कपाळावरून हात फिरवला.

"अगंबाई, आज कसं दुधासारखं पांढरं आलंय! ते घाणेरडं पिवळं गेलं एकदाचं. बघ, मोकळ्या हवेचा गुण."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्या हाताची इतकी किळस आली, की मी तो मनगटाला धरून बाजूला केला आणि हॉस्पिटलला फोन लावला.