बानूबाईचं टायमटेबल

जुन्नरच्या टपाल कचेरीबाहेर ताक विकणाऱ्या बानूबाईला तो नवा शब्द मुळीच पटला नाही. पोस्टमास्तरांनी दाराला कागद चिकटवला आणि सांगितलं, "हे टायमटेबल. नारायणगावाहून डाकेचा टांगा रोज केव्हा येणार, ते यात आधीच लिहिलंय."

"आधीच? आन् घोड्याला वाचता येतं व्हय?" बानूबाई फणकारली.

पण ऊन कचेरीच्या पायरीला टेकलं की टांगेवाल्या वजीरचं शिंग वाजायचंच. ती महिनाभर टपून बसली, टांग्याला एकदाही उशीर झाला नाही.

मग एके दिवशी ऊन पायरीवर आलं, शिंगही वाजलं, पण टांगा दिसेना. खांद्यावर डाकेची थैली घेऊन वजीर पायीच धावत येत होता. मागं घोडं लंगडत होतं.

"वढ्यात चाक मोडलं," एवढंच बोलून त्यानं थैली मास्तरांच्या हाती दिली.

बानूबाईनं सख्ख्या भावालाही कधी फुकट ताक पाजलं नव्हतं. तिनं आधी घोड्यापुढं पाण्याची बादली ठेवली. "तुला वाचता येत न्हाई, तुझा काय दोष?" म्हणत त्याची मान थोपटली.

मग काठोकाठ लोटा भरून तिनं वजीरला हाक मारली, "अवो टायमटेबलभाऊ, बसा. ताक घ्या."