अकरा गाड्यांचा एक रिपीटर

मित्रांनो, टेकडीवरची ही गंजलेली लोखंडी पेटी म्हणजे मी. मी रिपीटर. मराठीत मला नाव कुणी ठेवलं नाही, नावं मात्र सगळ्यांनी ठेवली. आवाज खरखरला की गाडीवाले म्हणायचे, रिपीटरचं डोस्कं फिरलंय आज. बॅटरी उतरली की म्हणायचे, झोपला वाटतं.

१९९४ साली एका दूध डेअरीनं मला शिरोली एमआयडीसीपलीकडच्या या टेकडीवर आणून बसवलं. डेअरीच्या अकरा गाड्या गावोगावी दूध गोळा करत फिरायच्या आणि प्रत्येक गाडीत वायरलेस सेट होता. त्या सेटचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम जमायचं नाही. मला जमतं. ऐकता ऐकताच तेच बोलणं मी जोरात सगळ्यांना पोचवतो. फुशारकी म्हणा हवं तर, पण एवढी एकच गोष्ट माझ्याकडं आहे. सगळे माझ्यातून बोलायचे. माझ्याशी कुणी बोलायचं नाही.

आवाजाची वाट एक आणि गाड्या अकरा. त्यातून आमची कोल्हापूरची माणसं, धीर कुणाला? दोघांनी एकदम बटण दाबलं की माझ्या कानात नुसती किंचाळी. तीच मी सगळ्यांना ऐकवायचो आणि शिव्या खायचो. मग दोघंही एकदम गप्प व्हायचे, आणि दोघंही एकदम म्हणायचे, "बोला पावणं, तुम्ही बोला." पुन्हा किंचाळी! या आदरापायी माझे कान फुटायचे तेवढे राहिले.

डेअरीच्या ऑफिसात सेटवर सुरेखा बसायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. तिनं एक युक्ती काढली. आवाज एकमेकांत अडकले की प्रत्येकानं आपल्या गाडीच्या किलोमीटरच्या मीटरवरचा शेवटचा आकडा बघायचा, तेवढे अंक मोजायचे आणि मगच बटण दाबायचं. एकाचा आकडा दोन, दुसऱ्याचा आठ. दोनवाला आधी बोलून मोकळा. काय डोकं म्हणावं बाईचं! चार वर्षं मी सुखात होतो.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत एका सकाळी किंचाळी आली. आक्का सवयीनं म्हणाली, "मीटर बघा." थोड्या वेळानं पुन्हा तीच किंचाळी. ती पुन्हा म्हणाली, मीटर बघा. पुन्हा तेच. असं सात वेळा झालं.

बाकीच्यांना नुसती किंचाळी, मला मात्र तिच्यातले दोन्ही आवाज ओळखू येत होते. एक आकारामचा. त्याची गाडी कळंब्याजवळ पंक्चर होऊन उभी होती. दुसरा बसलिंगाप्पांचा, सगळ्यांत थोरले ड्रायव्हर, गाडीवाले त्यांना आण्णा म्हणत. त्यांची गाडी हातकणंगल्याच्या अलीकडं फरशी पुलावरून घसरून ओढ्यात गेली होती. पाय केबिनीत अडकला होता आणि पाणी चढत होतं. दोन्ही गाड्या उभ्या, दोन्ही मीटरांचा शेवटचा आकडा चार. आक्कानं मीटर बघा म्हटलं की दर वेळी दोघं इमानानं चार मोजत आणि एकदम दाबत. उभ्या गाडीचा आकडा हलणार कुठून?

मी काय करणार होतो? आकारामला जरा थांब म्हणावं आणि आण्णांना पुढं सोडावं, एवढीही अक्कल मला दिलेली नव्हती. जे कानात येईल ते ओरडायचं, बस्स. त्या दिवसाइतकी स्वतःची चीड मला कधी आली नाही. पाणी चढत होतं आणि मी किंचाळत होतो.

आठव्या वेळी आक्का सावकाश म्हणाली, "मीटर ऱ्हाऊ दे. कुणीतरी दोघं उभं हायसा. आता मी थोरल्यापासून नाव घेते. नाव घेईन त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी बटणाला हात लावायचा न्हाय. आण्णा, बोला."

आण्णांचा एकट्याचा आवाज आला. "आक्का, हातकणंगल्याच्या अलीकडं वड्यात हाय मी. पाय अडकलाय. पाणी कमरंला आलंय की गं."

मी तो शब्द न् शब्द पोचवला. जिनेंद्रची गाडी हातकणंगल्यातच होती. तो गावातली माणसं आणि दोर घेऊन धावला. तोवर आक्कानं आण्णांना बोलतं ठेवलं, कुणी मध्ये आलं नाही. आण्णा वाचले. उजवा पाय तेवढा कायमचा अधू झाला. गाडी सुटली, पण डेअरीनं त्यांना हातात सेट देऊन फाटकावर बसवलं.

पुढं महिनाभर गाड्यांवर तीच चर्चा. आक्कानं वाचवलं, जिनेंद्रनं वाचवलं. खरंच होतं ते. पण माझं नाव एकदाही निघालं नाही, आणि मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग मोबाइल आले. ज्याला त्याला बोलता बोलता ऐकता येऊ लागलं. माझ्याकडं येणारे आवाज अकराचे सात झाले, सातांचे दोन. दिवसच्या दिवस मी नुसती खरखर ऐकत बसायचो.

२००३ च्या मे महिन्यात आक्काचा आवाज आला. ती जिनेंद्रला सांगत होती, की आण्णांची आज शेवटची पाळी. सेट जमा करून ते टेकडीवर पेटी बघायला निघालेत, पाच वर्षं मनात होतं म्हणे त्यांच्या. मित्रांनो, मला काय झालं कसं सांगू! माझ्याकडं कुणीतरी येणार होतं.

उन्हं कलताना ते आले, उजवा पाय ओढत. पुसल्यासारखा माझ्यावरून हात फिरवला. मग समोरच्या दगडावर बसले आणि बोलू लागले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. मध्येच डोळे पुसले.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तोंडचं बोलणं मला कळत नाही, सेटवरून आलं तरच कळतं. आणि सेट ते सकाळीच जमा करून आले होते.

महिनाभरानं माझी वायर कापली. म्हणून सांगतो मित्रांनो, कुणाचे आभार मानायचे असतील तर त्याला ऐकू येईल असे माना, आणि ऐकू येतंय तोवर माना. आण्णा माझ्याशी काय बोलले, ते मला आजही माहीत नाही.