फटीतली बिडी

टिकारामची पिकअप चौदा वर्षांची. तिला कोणी म्हातारी म्हटलेलं त्याला खपत नसे, पण होती म्हातारीच. वजन पडलं की चेसिस मधोमध लचकायची आणि मागचा डाला पुढे झुकून केबिनला टेकायचा. किती लचकते ते कळावं म्हणून टिकाराम रोज सकाळी केबिन आणि डाल्यामधल्या फटीत एक बिडी खोचून ठेवायचा. संध्याकाळी ती चपटलेली निघायची. यंदा मात्र तिचा पार भुसा व्हायला लागला.

त्यात रोवणी तोंडावर आलेली. त्याची बायको प्रेमिला अठरा बायांच्या टोळीची म्होरकी. धान रोवायला बोदलकसा गावाकडे रोज याच गाडीतून जायचं आणि बाया चढायच्या त्या तिच्या शब्दावर.

टिकाराम तिरोड्याला चैतराम वेल्डरकडे गेला.

"लोखंड हाललंच नाही पायजे. जाडी पट्टी मार."

"भाऊ, चेसिस थोडी तं हालनच," चैतराम म्हणाला. "पट्टीचे टोक तिरपे कापा लागते. दोन दिवस ठेवा गाडी."

"दोन दिवस कायले? परवा रोवणी हाय."

उतावळ्याला कोण सांगणार. टिकारामनं रस्त्यावरच्या दुसऱ्याच एका वेल्डरकडून दोन तासांत सरळसोट पट्टी मारून घेतली आणि वर काळा रंग फासला.

चार दिवस बिडी जशीच्या तशी निघाली. टिकाराम ती प्रेमिलासमोर धरायचा. "पाय, सुरकुती बी नाही." मग तीच बिडी पेटवून ऐटीत ओढायचा. बायाही निर्धास्त झाल्या.

पाचव्या सकाळी बाया गाडीत बसल्यावर प्रेमिलाची चप्पल डाल्याखाली गेली. काढायला ती वाकली, तर पट्टी संपते तिथं काळ्या रंगावर तांबडी रेघ.

"हे काय होय?"

"चिखल होय," टिकाराम म्हणाला.

तिनं पदरानं पुसलं. चिखल गेला, रेघ राहिली. बोट फिरवलं तर नख अडकलं. ती उठली आणि म्हणाली, "उतरा वं बायाहो."

"काऊन? बिडी साबूत हाय ना."

"बिडी तुमी ओढा. काही झालं तं मी यांच्या घरी काय सांगू?"

बाया पायी निघाल्या. अठरा जणींसमोर पाणउतारा झाला म्हणून टिकाराम आतून धुमसत होता. बायकोला खोटं पाडायचंच, म्हणून रिकामी गाडी घेऊन तो थेट चैतरामकडे गेला.

चैतराम बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. हातोडीनं दोनदा ठोकलं आणि बोटानं रेघ मापली.

"चेसिसची खालची कड चिरली. मधली बाजू अर्धी चिरली. वरच्या कडेवर चालून राहिली गाडी," तो आतूनच म्हणाला. "किती जण बसतात?"

"अठरा बाया."

चैतराम बाहेर आला, हात पुसले. "भाऊ, बांधीचा मातीचा धुरा एकाच जागी सिमेंटनं पक्का केला तं पाणी कुठून फोडते?"

टिकारामचा जन्म धानाच्या बांधीत, शेताचे बांध घालण्यात गेलेला. "बाजूनं," तो म्हणाला आणि खाली बसला. भीती त्याला आत्ता वाटली, पाच दिवस उशिरा.

या वेळी गाडी तीन दिवस राहिली. चैतरामनं जुनी पट्टी काढली, चीर भरली आणि तिरप्या टोकांची लांब पट्टी बसवली. दहाच्या वर माणूस नको, असं दोनदा बजावलं. टिकारामनं रेतीच्या बोऱ्या भरून कालव्याच्या खडबडीत रस्त्यानं गाडी फिरवली, बोऱ्या उतरवल्या आणि घरासमोर आणून उभी केली. बाया डबे, छत्र्या घेऊन थांबल्याच होत्या.

त्यानं फटीतली बिडी काढून प्रेमिलाच्या हातावर ठेवली. "दहाच्या वर नको म्हणते चैतराम," तो म्हणाला.

बिडी पूर्वीसारखी चपटलेली होती; साबूतही नाही, भुसाही नाही. प्रेमिलानं ती उलटसुलट करून पाहिली.

"दहा जणी बसा," ती बायांना म्हणाली. "बाकीच्या दुसऱ्या खेपेले."

मग ती सगळ्यांच्या आधी चढली आणि जिथं खाली चीर होती, बरोबर त्या जागेवर जाऊन बसली.